दाबल्यावर वाजते, सोडल्यावर थांबते

"गाडी उचलताना आवाज येतो," असं सांगत माणूस गॅरेजात शिरतो. तक्रार एका ओळीची असते. पण गाडी उचलण्याच्या त्या पाच-सहा सेकंदांत चार गोष्टी एकदम घडतात. इंजिनाचे फेरे वाढतात. इंजिनावर भार येतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण शिरतं, ज्वलनाचा दाब चढतो आणि तो पिस्टन, रॉड, बेअरिंग यांना सोसावा लागतो. चाकांचा वेग वाढतो. चौथी गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर पिळवटतं, एका अंगाला कलतं, आणि त्याला जोडलेला सायलेन्सरचा पाइप, होज, वायरिंग, गिअरची लिंक हे सगळंच जागचं थोडं थोडं हलतं. पाय एक, पॅडल एक, म्हणून चालवणाऱ्याला ही सगळी एकच घटना वाटते. आवाज मात्र बहुतेक वेळा या चारांतल्या एकीचाच असतो. चांगला मिस्त्री पान्याला हात लावण्याआधी या चौघींना एकमेकींपासून सोडवतो, आणि ही सोडवणूक पाहताना मला दर वेळी एखाद्या अवघड ओवीचा अन्वय लागताना होतो तसा आनंद होतो.

ती कशी होते ते नीट पाहू. गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, आणि रेस द्यायची. आता फक्त फेरे वाढले. चाकं जागच्या जागी, भार नावापुरता. आवाज आला तर शोध बॉनेटखाली किंवा सायलेन्सरच्या पाइपात आटोपतो. नाही आला, तर गाडी मोकळ्या सपाट रस्त्यावर न्यायची, पन्नास-साठचा वेग घ्यायचा, न्यूट्रल करायची आणि इंजिन आयडलवर उतरू द्यायचं. आता फिरताहेत ती फक्त चाकं आणि चाकांना बांधलेले भाग. आवाज तसाच चालू राहिला तर इंजिनाची सुटका झाली, संशय टायरवर आणि चाकाच्या बेअरिंगवर गेला. मग तोच वेग एकदा तिसऱ्या गिअरला आणि एकदा चौथ्याला धरायचा. रस्त्याचा वेग सारखा, इंजिनाचे फेरे वेगळे. स्वर बदलला तर आवाज इंजिनाच्या मागे चाललाय, बदलला नाही तर चाकांच्या मागे. शेवटी गाडी उभी करून हँडब्रेक ओढायचा, पहिला गिअर टाकायचा आणि क्लच अर्धवट सोडत इंजिनाला पीळ द्यायचा. मग रिव्हर्स टाकून तेच. माउंटिंग तुटलेलं असेल तर या उलटापालटीत ते ठक्क करून स्वतःचा पत्ता सांगतं.

या सगळ्याला फार वेळ लागत नाही आणि एकही बोल्ट ढिला होत नाही. प्रत्येक चाचणी काही ना काही वगळत जाते. ही वजाबाकी ज्याला जमली त्याच्यासमोर शेवटी इतकं थोडं उरतं, की बोट ठेवायला एकच जागा शिल्लक राहते.

गिऱ्हाईक मात्र आवाज कसा आहे हे सांगण्यात रमतं. खर्रर्र, टिकटिक, घूंऽऽ, चुईंचुईं. अमेरिकेत टॉम आणि रे मॅग्लिओझी हे दोघे भाऊ 'कार टॉक' नावाचा रेडिओ कार्यक्रम करत. बॉस्टनच्या एका केंद्रावर सुरू झालेला हा कार्यक्रम १९८७ पासून २०१२ पर्यंत देशभर चालला. त्यात फोन करणारी मोठी, शिकलेली माणसं आपल्या गाडीचा आवाज तोंडाने काढून दाखवत आणि दोघे भाऊ पोट धरून हसत. हसून झालं की मात्र ते विचारत, कधी येतो? वळताना, थंड असताना, ब्रेक मारताना? ती नक्कल ऐकायला गोड असली, तरी निदान 'कधी' या प्रश्नापासून सुरू व्हायचं. आपल्याकडेही तेच आहे. मराठी माणसाजवळ यंत्राच्या आवाजांसाठी शब्दांची काही कमी नाही, पण दोन अगदी वेगळे बिघाड हुबेहूब एकाच शब्दात बसतात तेव्हा हा साठा कामाला येत नाही.

असं एक निदान मी खंबाटकी घाटाच्या पुण्याकडच्या पायथ्याला जवळून पाहिलं. गाडी ओम्नी, जुनी, कार्ब्युरेटरची. ओम्नीचं इंजिन म्हणजे मारुती ८०० चंच, ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. पण ८०० मध्ये ते पुढे आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. ओम्नीत ते पुढच्या सीटखाली असतं आणि लांब प्रॉपेलर शाफ्टने मागची चाकं फिरवतं. म्हणजे ओम्नी चालवणारा अक्षरशः इंजिनावर बसलेला असतो, आणि इंजिनातलं बारीकसारीक त्याच्या कानाशी येतं. या गाडीचा मालक पहाटे भाजीचे क्रेट भरून घाट चढून पलीकडे जायचा आणि दुपारी बोगद्यातून परत यायचा. तक्रार अशी, की चढाला पाय दाबला की टिकटिक येते, सपाटीला येत नाही. एका गॅरेजात आधी टॅपेट सेट करून झाले होते. मग ठिणगीचं टायमिंग मागे घेऊन झालं होतं. तरी टिकटिक थांबली नाही, तेव्हा इंजिन खोलण्याचा सल्ला मिळाला होता, आणि त्या खर्चाच्या धास्तीने तो इथे आला होता.

साठी ओलांडलेल्या मिस्त्रींनी सीट उचलून पाहिलीही नाही. त्यांनी विचारलं, "दादा, माथ्यावर पोचेपर्यंत आवाज वाढतो का कमी होतो?"

मालक थोडा विचारात पडला. म्हणाला, "माथ्यावर नसतोच."

"आणि दुपारी परत येताना, बोगद्यात?"

"तेव्हा पण नाही."

या पहिल्या प्रश्नावर मला थांबायचं आहे, कारण सबंध निदान त्याच्यात होतं. भाराखाली येणाऱ्या बारीक टिकटिकीचे मुख्य संशयित तीन. एक, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट वाढलेली. दोन, पिंकिंग, म्हणजे सिलिंडरच्या आत मिश्रणाचं वेडंवाकडं जळणं. तीन, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट उडालेलं असणं, म्हणजे जळलेला वायू पाइपात जायच्या आधीच फटीतून फुटणं. आता लयीचा हिशेब करून पाहा. आयडलला इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेतं असं धरलं, तर क्रँक सेकंदाला १५ वेळा फिरतो. कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या गतीने फिरतो, म्हणून एक सैल टॅपेट सेकंदाला सात-आठ वेळा वाजतो. एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्हही क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो, म्हणून फुटलेल्या गॅस्केटमधून निघणारी फुसकीही सेकंदाला सात-आठच. दोन्ही आवाज एकाच लयीत, दोन्ही टिकटिकच. रॉडचं बेअरिंग गेलं असतं तर ठोका दुप्पट गतीने आणि खोल, जड पडला असता, आणि कान तिथे फसला नसता. पण टॅपेट आणि गॅस्केट यांच्यात तयार कानही फसू शकतो. आधीचं गॅरेज इथेच चुकलं होतं, आणि तसं चुकणं अगदी स्वाभाविक आहे.

जिथे लय उपयोगी पडत नाही तिथे तापमान पडतं. सैल टॅपेटला घाटाशी काही घेणं नसतं, तो न्यूट्रलमध्ये रेस दिल्यावरही वाजतो. पिंकिंग इंजिन तापत जाईल तसं वाढतं. घाटाच्या सुरुवातीला ते कमी असेल, माथ्याजवळ जास्त. गॅस्केटची फट बरोबर याच्या उलट वागते. धातू थंड असतो तेव्हा ती उघडी असते, मॅनिफोल्ड तापून फुगला की मिटते. म्हणजे एकाच चढावर, एकाच पायाखाली, एक टिकटिक माथ्याकडे जाताना जोर धरते आणि दुसरी विरून जाते. "वाढतो का कमी होतो" एवढं विचारून त्यांनी तीन संशयितांपैकी दोघांना गाडी न हलवता बाजूला केलं. प्रश्न चालवणाऱ्याला सहज उत्तर देता येईल असा होता, त्यात एकही कारागिरीचा शब्द नव्हता, आणि उत्तर काहीही आलं असतं तरी त्याने काम पुढे नेलं असतं. चांगल्या प्रश्नाचे हे तिन्ही गुण एकत्र क्वचित सापडतात.

एवढं होऊनही मिस्त्रींनी गाडी रात्रभर ठेवून घेतली. दुपारी तापलेल्या इंजिनावर चाचणी घेण्यात अर्थ नव्हता. पहाटे इंजिन पूर्ण गार असताना क्रेट नेहमीसारखे भरायला लावले आणि स्टिअरिंगवर मालकालाच बसवलं. आपण चालवली तर पाय आपला पडेल आणि आवाज दुसराच निघेल, हा त्यांचा विचार. स्वतः शेजारी, खिडकी खाली. मागे क्रेटांमध्ये त्यांच्याकडे शिकणारा आयटीआयचा मुलगा. पहिल्या चढाला टिकटिक स्पष्ट आली, मग वळणागणिक बारीक होत गेली आणि माथ्यावर नव्हती. पलीकडे उतरून गाडी वळवली आणि पुण्याकडे येणाऱ्या बोगद्यातून परत आणली. बोगद्याच्या भिंती गाडीचा आवाज गाडीला परत देतात. उघड्या रस्त्यावर जो आवाज बाहेर पांगतो तो तिथे खिडकीतून आत येतो. रस्त्याकडेच्या लांब भिंतीला लागून गाडी चालवून ऐकणारे मिस्त्री मी इतरत्रही पाहिले आहेत. बोगद्यात पाय दाबायला सांगितला. काहीच आलं नाही. मिस्त्रींना हेच हवं होतं, कारण गरम इंजिनाची ही शांतता त्यांच्या तर्काचा दुसरा साक्षीदार होती.

परत आल्यावर सीट उचलली. मॅनिफोल्ड जिथे हेडला टेकतो तिथे एका पोर्टपाशी काजळीची काळी रेघ उमटली होती.

दुरुस्तीतली समजही निदानाइतकीच बघण्यासारखी होती. मॅनिफोल्डचे नट वर्षानुवर्षं तापून गंजलेले. हेड अ‍ॅल्युमिनियमचं. घाई करून पाना फिरवला आणि स्टड हेडमध्ये तुटला तर टिकटिक परवडली असं म्हणायची वेळ येते. म्हणून नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ते मुरू दिलं. सगळं निघाल्यावर मॅनिफोल्डच्या तोंडावर लोखंडी पट्टी उभी धरून उजेड पाहिला. मधे उजेड दिसत होता, म्हणजे तोंड वाकलं होतं. नुसतं नवं गॅस्केट घातलं असतं तर ते तिथेच पुन्हा जळलं असतं. मॅनिफोल्ड फेसिंगला गेला. आणि शेवटी मिस्त्रींनी टायमिंग पुन्हा जागेवर आणलं. टायमिंग मागे घेतलं की मिश्रण उशिरा जळतं आणि एक्झॉस्टमध्ये जाणारा वायू जास्त गरम राहतो. म्हणजे पिंकिंग समजून आधी केलेला उपाय खऱ्या बिघाडालाच खतपाणी घालत होता. आधीच्या कारागिराविषयी ते वावगं काही बोलले नाहीत. फक्त डिस्ट्रिब्युटरवरची खूण मुलाला दाखवली.

पिंकिंगला इथे डाव्या हाताने बाजूला सारलं, पण पाय दाबल्यावर येणाऱ्या सगळ्या आवाजांत इतिहास घडवला तो त्यानेच. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत चार्ल्स केटरिंग यांचा सेल्फ-स्टार्टर आला आणि सोबत बॅटरीवरचं इग्निशनही. त्या काळची इंजिनं चढावर, भाराखाली खणखणत. लोकांनी खापर फोडलं ते या नव्या इग्निशनवर. नवी वस्तू आणि नवा आवाज एकाच सुमारास आले की माणूस त्यांचं लग्न लावून मोकळा होतो. गॅरेजात आजही तेच चालतं, 'परवा बॅटरी बदलली, तेव्हापासून वाजतेय' ही तक्रार रोजची आहे. केटरिंग यांनी १९१६ मध्ये ओहायोतल्या डेटन शहरात थॉमस मिजली या तरुण मेकॅनिकल इंजिनिअरला या आवाजाचा शोध घ्यायला बसवलं.

तेव्हाची समजूत अशी, की मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटतं म्हणून ठोका बसतो. मिजली यांनी चालत्या सिलिंडरमधला दाब आरशावरच्या प्रकाशरेषेने टिपणारं एक उपकरण जुळवलं. रेषेने दाखवलं, की दाबाची ती तीक्ष्ण उसळी ठिणगीच्या आधी येतच नाही. ज्वलन सुरू होऊन पुढे सरकल्यावर, शेवटाकडे येते. पुढे सरकणारी ज्योत उरलेल्या मिश्रणाला कोपऱ्यात दाबते, तापवते, आणि ते ज्योत पोचायच्या आत एकदम स्वतःहून पेटतं. आपण ऐकतो तो त्या धक्क्याने थरथरणाऱ्या सिलिंडरचा नाद. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनीही स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला. इग्निशन निर्दोष ठरलं, दोष इंधनाचा निघाला. 'कधी' या प्रश्नाची याहून मोठी करामत मला माहीत नाही. तोच आवाज, पण ठिणगीच्या आधी का नंतर एवढ्यावर सबंध खटला फिरला.

पुढचा भाग मला आणखी लोभस वाटतो. इंधनाला लाल रंग दिला तर ते उष्णता शोषून लवकर वाफेल आणि ठोका थांबेल, अशी एक कल्पना निघाली. इंधनात विरघळेल असा लाल रंग हाताशी नव्हता म्हणून आयोडीन टाकलं. ठोका थांबला. कल्पना खरी ठरली म्हणून कुणीही इथे आनंदाने थांबलं असतं. मिजली यांनी खरेखुरे लाल रंग आणून टाकून पाहिले, आणि ठोका परत आला. म्हणजे गुण रंगाचा नव्हता, आयोडीनचा होता. आपला तर्क बरोबर निघाल्यासारखा दिसत असतानाच तो मोडायचा प्रयत्न करणं ही निदानातली सर्वांत कठीण शिस्त आहे. घाटात टिकटिक ऐकू आल्यावरही बोगद्यात पाय दाबायला लावणारे आमचे मिस्त्री हीच शिस्त पाळत होते.

इथून पुढे मात्र या कथेचं कौतुक करणं मला अवघड जातं. ९ डिसेंबर १९२१ रोजी त्यांना टेट्राएथिल लेड सापडलं. पेट्रोलमध्ये ते किंचित मिसळलं की खणखण बंद. शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं, आणि अल्कोहोल मिसळूनही ठोका थांबतो हेही त्यांना ठाऊक होतं. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात हे रसायन बनवताना कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरी पुढची कित्येक दशकं जगभरच्या शहरांच्या हवेत, मुलांच्या रक्तात शिसं जात राहिलं. भारतात ते पेट्रोलमधून पूर्णपणे गेलं ते फेब्रुवारी २००० मध्ये. जगात सर्वांत शेवटी अल्जीरियाने २०२१ च्या जुलैमध्ये ते थांबवलं. निदान इतकं देखणं आणि उपाय इतका घातकी, हे एकाच प्रयोगशाळेत घडलं. आज आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोललं जातं, पण ठोक्याला विरोध करण्याचा त्याचा गुण वादातीत आहे.

नव्या गाड्यांत पिंकिंग ऐकू येणंच दुर्मिळ झालं आहे, कारण ते आपल्याआधी यंत्र ऐकतं. इंजिनाच्या ब्लॉकवर एक नॉक सेन्सर बसवलेला असतो. आत दाबाखाली वीज निर्माण करणारा स्फटिक, आणि तो एका ठरावीक पट्ट्यातल्या थरथरीकडेच लक्ष देतो. सिलिंडर जितका अरुंद तितका त्याचा नाद चढा. ओम्नीच्या साडेअडुसष्ट मिलिमीटरच्या सिलिंडरसारख्या सिलिंडरचा नाद गणिताने साधारण ८,००० हर्ट्झच्या आसपास येतो. तो उमटला की संगणक टायमिंग थोडं मागे घेतो, नाद थांबला की पुन्हा हळूच पुढे आणतो. पूर्वी ट्रकचा ड्रायव्हर घाटात कान देऊन गिअर उतरवायचा, तेच काम आता सेकंदाच्या अंशात होतं. मला याचं वाईट वाटत नाही. इंजिन वाचतं.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत, म्हणजे ओम्नी, जीप, मुंबईची ती काळी-पिवळी पद्मिनी, ट्रक यांच्यात आणखी एक आवाज आहे, आणि माझा सर्वांत आवडता तोच. साठच्या वेगाला मागून येणारं 'गूंऽऽ'. हे गाणं डिफरन्शियलमधल्या क्राउन-पिनियनचं. त्यांच्या प्रत्येक दाताला दोन बाजू असतात. पाय दाबलेला असतो तेव्हा पिनियन क्राउनला ढकलतो आणि दाताची एक बाजू भार घेते. पाय सोडला की चाकंच इंजिनाला फिरवू लागतात आणि भार दाताच्या दुसऱ्या बाजूवर जातो. म्हणून दाबल्यावर रडणारी आणि सोडल्यावर गप्प होणारी गाडी दाताच्या कोणत्या बाजूची झीज झाली आहे हे न खोलता सांगते. सोडल्यावर रडत असेल तर उलटी बाजू. दाबा, सोडा, काही फरकच पडत नसेल, तर दातांपेक्षा बेअरिंगकडे आधी बघावं. या दोन्हींच्या मधे एक अवस्था असते. पाय इतकाच ठेवायचा की गाडी ओढतही नाही आणि रेंगाळतही नाही. तिथे दात कोणत्याच बाजूला नीट टेकत नाहीत, आणि सैल जोडीचा आवाज त्या जागी डळमळतो. जुने ट्रक ड्रायव्हर हा तोल पायाच्या अंगठ्याने धरतात. पोलादाच्या दाताच्या दोन बाजू तळपायाला वेगवेगळ्या जाणवाव्यात, यात मला थोरवी दिसते.

बेल्टची किंकाळी, प्रॉपेलर शाफ्टच्या सुक्या क्रॉसची चिमणीसारखी चिवचिव, ठरावीक फेऱ्यांना झणझणून पुढे गप्प होणारा सायलेन्सरवरचा सैल पत्रा, हे सगळे त्या मानाने सरळ स्वभावाचे आवाज. बेल्टवर चालत्या इंजिनात पाण्याचे चार थेंब उडवले की तो लगेच आपला सूर बदलतो. पत्र्याला लांब काठी टेकवली की तो थांबतो. यांच्यासाठी उस्ताद लागत नाही, फक्त इंजिन न खोलण्याइतका धीर लागतो.

ओम्नीत मागे क्रेटांमध्ये बसवलेल्या त्या मुलाविषयी सांगायचं राहिलं. मिस्त्रींनी त्याला नेलं होतं ते पिंकिंग ऐकायला. वय वाढतं तशी कानातून आधी चढे स्वर जातात, आणि वर्षानुवर्षं हातोडा, ग्राइंडर, उघडा सायलेन्सर ऐकलेल्या कानाची झीज ४,००० हर्ट्झच्या आसपास आधी सुरू होते. पिंकिंगचा नाद त्याच्याही वर. म्हणजे ज्या कानाने ही विद्या मिळवली तोच कान या धंद्यात आधी खर्ची पडतो. मिस्त्रींनी हे ओळखून कामाची वाटणी बदलली होती. खालचे, जड ठोके ते लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ऐकत. तो आवाज हाडातून जातो, त्याला कानाच्या पडद्याची गरज कमी. वरचे, बारीक आवाज ते मुलाला ऐकायला लावत आणि स्वतः प्रश्न विचारत. "आत्ता आला? आता पाय सोडल्यावर? किती वेळाने?" मुलगा फक्त हो-नाही म्हणत होता. त्याला कळत नव्हतं, पण त्या घाटात तो तेच शिकत होता जे कुठल्याही अभ्यासक्रमाच्या पुस्तकात नीट लिहिलेलं नाही. आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या कोर्समध्ये व्हॉल्व्ह कसा बसवायचा ते शिकवतात. आवाजाची उलटतपासणी शिकवण्यासाठी त्यात स्वतंत्र तास असावा, मुलांना एकाच गाडीत मुद्दाम केलेले वेगवेगळे बिघाड ऐकवावेत, असं मला मनापासून वाटतं.

मोठ्या सर्व्हिस सेंटरांत आता क्लिपांचे मायक्रोफोन मिळतात. गाडीखाली सहा ठिकाणी लावायचे, हेडफोन घालून चालत्या गाडीत एकेक जागा ऐकायची. उत्तम सोय आहे. जागा शोधायला ते मदत करतात. पण कोणत्या सहा जागा निवडायच्या हे आधीच्या प्रश्नांवर ठरतं. इलेक्ट्रिक गाड्यांत तर हे प्रश्न जास्तच लागतील. इंजिनाचा गोंगाट गेल्यावर बेअरिंगची कुजबुज, बुशची कुरकुर, मोटरचा चढत जाणारा स्वर हे सगळं उघडं पडतं, आणि मालक नवी गाडी घेऊन आठवड्यात तक्रार करतो, की हिला आवाज फार.

या सगळ्याच्या मुळाशी जॉब कार्डवरची ती एक ओळ आहे. बहुतेक कार्डांवर 'आवाज येतो' एवढंच लिहिलेलं असतं, आणि त्या दोन शब्दांवर माणसांनी इंजिनं खोलली आहेत, पैसे घातले आहेत, वर पुन्हा तोच आवाज घेऊन घरी गेले आहेत. त्याऐवजी समजा एखाद्या ८०० च्या कार्डावर असं लिहिलं असेल: 'पहिला-दुसरा गिअर. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून पाय दाबला की टकटकटक. चाकाच्या गतीने वाढते. सरळ चालताना नाही. पाय सोडला की कमी. थंड-गरम फरक नाही.' हे वाचणारा मिस्त्री बॉनेट उघडणारच नाही. थंड-गरम फरक नाही म्हणजे एक्झॉस्ट गेला. चाकाच्या गतीने वाढते म्हणजे इंजिन गेलं. दाबल्यावर जोर धरते म्हणजे नुसतं चाकाचं बेअरिंग नव्हे, ताकद वाहून नेणारा भाग. वळल्यावरच येते म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट, आणि डावीकडे वळताना म्हणजे बहुतेकदा वळणाच्या बाहेरच्या, उजव्या बाजूचा. तो उजव्या चाकाशी उकिडवा बसेल, स्टिअरिंग वळवून घेईल, आत हात घालून रबरी बूट चाचपेल. बूट फाटला असेल तर ग्रीस उडून रिमच्या आतल्या अंगाला गोल पट्टा उमटलेला असतो.